राजकीय देणगी : सोलापुरातून कुणाला, कधी आणि कशी द्यावी

चेक कुणाच्या नावाने फाडायचा, हे आधी ठरवा. पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते, उमेदवाराला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. पण पक्षाला दिलेला पैसा कुठल्या मतदारसंघात जाईल, हे पक्षच ठरवतो.

एखाद्या ठरावीक जागेवर परिणाम व्हावा असं वाटत असेल, तर उमेदवाराच्या निवडणूक खात्यात पैसे भरा. हे खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं, आणि आमच्या मते देणगीची खरी वेळ तीच. शेवटच्या तीन दिवसांत आलेल्या पैशातून ना पत्रकं वेळेत छापून होतात, ना गाड्या मिळतात. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी तर जाहीर प्रचारच थांबतो. २०१९ मध्ये सांगोला विधानसभेचा निकाल ७६८ मतांनी लागला. अशा चुरशीच्या जागेवर पहिल्या आठवड्यात आलेले पाच हजारसुद्धा कामी येतात. मात्र विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. मर्यादा भरत आली असेल तर तुमचा पैसा खर्चच करता येणार नाही, म्हणून देण्याआधी उमेदवाराने नेमलेल्या निवडणूक प्रतिनिधीला विचारून घ्या. प्रचारकाळात एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख उमेदवाराला घेता येत नाही.

पक्षाला द्यायचं असेल तर २,००० रुपयांवर रोख चालत नाही. वजावट मात्र रोख रकमेवर एका रुपयाचीही मिळत नाही, म्हणून चेक, यूपीआय किंवा एनईएफटीच वापरा. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०जीजीसीखाली पूर्ण रक्कम वजा होते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. पावतीवर पक्षाचं नाव, पॅन, नोंदणीचा तपशील आणि तारीख हवी. विवरणपत्रात व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी भरावा लागतो, त्यामुळे पावतीसोबत बँक स्टेटमेंटही जपून ठेवा. २०,००० रुपयांवरच्या देणगीदाराचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावं लागतं.

आयकर खात्याच्या नोटिसा येतात त्या बहुतेक एकाच कारणाने. ‘चेक द्या, कमिशन कापून रोख परत देतो’ असं सांगणारे दलाल अनोळखी पक्षांच्या पावत्या फाडतात. ही सरळ करचोरी आहे. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४ पक्ष नोंदणीकृत पक्षांच्या यादीतून काढले. देण्याआधी पक्षाचं नाव यादीत आहे का, ते तपासा.

एमआयडीसीतला कारखाना एकट्याच्या मालकीचा असेल तर देणगी मालकाच्या नावावर धरली जाते. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, कंपनीला तीन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. ही मर्यादा २०१७ मध्ये उठवली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांसोबत तो बदलही रद्द केला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना राजकीय देणगी देण्यास बंदी आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाने पाठवलेला पैसाही चालत नाही, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) कार्ड असलं तरी.

वस्तूंच्या बाबतीत गोंधळ फार होतो. मंडप फुकट दिला तरी जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाप्रमाणे त्याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरतात. सभेत पाहुण्यांच्या सत्काराला दिलेले टॉवेल खर्चात जातात. तेच टॉवेल किंवा चादरी मतदारांच्या घरी वाटल्या तर ती लाच ठरते आणि देणाराही गुन्ह्यात अडकतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय स्वतःच्या खिशातून जाहिरात किंवा फलक लावणं हाही गुन्हा आहे; भारतीय न्याय संहितेत त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, द्यावा लागतो. एक रुपया शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. तुमची रक्कम त्यात जमा दाखवली आहे का, ते स्वतः जाऊन बघा.