कॅमेरा पाठवायचा की कॅमेऱ्याचं चित्र?

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या लहान ऑफिसांमधले कॉम्प्युटर मी सांभाळतो. दर थोड्या दिवसांनी सकाळी सकाळी फोन येतो: "दादा, मीटिंगमध्ये माझा चेहरा अडकत अडकत दिसतोय. नवीन वेबकॅम घेऊ का?"

नका घेऊ. माणूस इंदिरानगरला घरी बसलेला असतो, रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर उघडून चालवायच्या विंडोजच्या सोयीने, सातपूरच्या ऑफिसातल्या पीसीवर गेलेला असतो आणि मीटिंग त्या पीसीवरच उघडलेली असते. कॅमेरा चांगलाच असतो, फक्त चुकीच्या दाराने आत नेलेला असतो.

रिमोट डेस्कटॉप कसा जोडायचा हे तुम्हाला येतं, ते सोडून देतो. जोडण्याआधी 'शो ऑप्शन्स', 'लोकल रिसोर्सेस', मग खाली 'मोअर' एवढं उघडा. यादीत 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसेस' अशी ओळ असते. काहींच्या कॉम्प्युटरवर आणखी एक दिसते: 'अदर सपोर्टेड रिमोटएफएक्स यूएसबी डिव्हाइसेस'. ही दुसरी ओळ आपोआप येत नाही, ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या खास नियमांच्या सेटिंगमध्ये, चालू केली तरच येते. कुणीतरी कुठलातरी व्हिडिओ बघून ती चालू करून देतो आणि कॅमेरा यूएसबीचा आहे म्हणून तिथेच टिक करतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

द्राक्षं सातपूरला पोचवायची तर पेटी भरून पाठवतो, वेल उपटून नेत नाही. घरची वस्तू रिमोट डेस्कटॉपमधून ऑफिसच्या पीसीला वापरायला देणं म्हणजे रीडायरेक्शन. पहिल्या ओळीचं कॅमेरा रीडायरेक्शन म्हणजे पेटी. कॅमेरा घरच्या कॉम्प्युटरच्याच ताब्यात राहतो, चित्र तिथेच एच २६४ पद्धतीने दाबून लहान केलं जातं आणि तेवढंच ऑफिसकडे जातं. दुसऱ्या ओळीचं यूएसबी रीडायरेक्शन म्हणजे अख्खा वेल. कॅमेरा घरच्या कॉम्प्युटरकडून काढून घेतला जातो, ऑफिसच्या पीसीला तो आपल्यालाच जोडलाय असं वाटतं, ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर) तिकडे लागतो आणि कॅमेऱ्यातून निघेल तो डेटा कच्चाच्या कच्चा इंटरनेटवरून जातो.

कच्चा म्हणजे किती, ते हिशेबानेच बघा. ६४० बाय ४८० चं साधं चित्र, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. झाले सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट. यूएसबी २ ची वायर ४८० मेगाबिटची, म्हणून टेबलावर काही जाणवत नाही. तेच चित्र दाबून पाठवलं तर एक-दोन मेगाबिटमध्ये भागतं. घरच्या कनेक्शनचा अपलोड किती आहे ते एकदा मोजा, म्हणजे चेहरा का अडकतो ते समजेल.

बरं, प्रश्न नुसत्या वेगाचाही नाही. यूएसबी २ वर वेबकॅमचा डेटा साधारणपणे १२५ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यावर जातो आणि हुकलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. वायर दोन हात लांबीची असेल तर हे जमतं. मध्ये इंटरनेट आलं की नुसत्या जाण्यायेण्यालाच अनेक मिलिसेकंद लागतात. मग चित्र फाटतं, हिरवं होतं, नाहीतर कॅमेरा काळा पडतो. अशा वेळी महागडा कॅमेरा घेऊन उपयोग नाही, कारण मोठं चित्र म्हणजे आणखी मोठं ओझं.

तुमचा कॅमेरा कुठल्या दाराने गेलाय हे ओळखणं सोपं आहे. रिमोट डेस्कटॉप चालू असताना घरच्या कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंची विंडोजची यादी) 'कॅमेराज' खाली बघा. तो तिथून गायब असेल तर यूएसबीने गेलाय. ती टिक काढा आणि 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसेस'ची लावा. यूएसबीची ओळ ठेवा मोजमापाच्या यंत्रासाठी किंवा अशाच एखाद्या वस्तूसाठी, जिच्यासाठी यादीत वेगळी सोय नाही.

माइकचं थोडक्यात: त्याची जागा या यादीत नाहीच. 'लोकल रिसोर्सेस'मध्येच 'रिमोट ऑडिओ'ची सेटिंग्ज उघडून 'रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर' निवडायचं. मुळात ते बंद असतं. मग ऑफिसच्या पीसीवर मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून 'रिमोट ऑडिओ' निवडा. हेडसेटही यूएसबीने आत ढकलू नका, आवाज तुटतो.

आणि माझं ठाम मत विचाराल तर मीटिंग ऑफिसच्या पीसीवर उघडूच नका. तिथे उघडली की तुमचा चेहरा आधी घरून सातपूरला जातो, तिथून मीटिंगच्या सर्व्हरला. समोरच्यांचे चेहरे त्याच वाटेने उलटे येतात. घरच्या कॉम्प्युटरवर मीटिंग घ्या आणि रिमोट डेस्कटॉपची खिडकी शेअर करा. ऑफिसची फाइल सगळ्यांना दिसते आणि कॅमेरा, माइक कुठेच न्यावे लागत नाहीत. मीटिंगचं ॲप फक्त ऑफिसच्याच पीसीवर चालवायचा नियम असेल, तेव्हाच वरचा खटाटोप करा.

तो केल्यावरही कॅमेरा दिसला नाही, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेरा आणि माइकची परवानगी बघा, आणि ती दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर बघा. घरची दिली आणि ऑफिसची राहिली, असं फार वेळा होतं.