पुढे झुकलेले चाक

फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत झाक आँरी लार्तीग या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने टिपलेले एक छायाचित्र मोटारशर्यतींच्या छायाचित्रणाचा विचार करताना पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे, मागचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढच्या बाजूला झुकले आहे आणि रस्त्याच्या पलीकडे उभे असलेले प्रेक्षक मात्र मागे कलले आहेत. हे छायाचित्र बराच काळ १९१२ चे मानले जाई. पुढे अभ्यासकांनी मोटारीवरच्या क्रमांकावरून ते १९१३ च्या शर्यतीतले असल्याचे दाखवले. लार्तीगला ते फसलेले वाटले होते. आज वेगाचे चित्र म्हणून त्याच्याइतकी प्रसिद्धी फार थोड्या छायाचित्रांना लाभली आहे, आणि त्यातला तिरपेपणा कसा आला हे समजून घेतले की वेगवान वाहन टिपण्यामागचे बरेचसे विज्ञान हाती येते.

त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या काचेच्या पट्टीपुढे एक पडदा असे आणि त्या पडद्यात एक आडवी फट असे. कळ दाबली की ती फट पट्टीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरके, आणि ती जिथून जाई तेवढ्याच भागावर त्या क्षणी प्रकाश पडे. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते; फट वरून खाली सरकत असल्यामुळे दृश्यातील जमिनीलगतचा भाग आधी आणि वरचा भाग शेवटी नोंदला गेला. चाकाचा तळ नोंदून फट चाकाच्या माथ्यापर्यंत पोचेतो मोटार पुढे सरकली होती, म्हणून माथा पुढे गेला आणि चाक झुकले. लार्तीगने कॅमेरा स्थिर धरला असता, तर प्रेक्षक सरळ उभे दिसले असते. पण तो मोटारीमागोमाग कॅमेरा वळवत होता, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने प्रेक्षक मागे सरकत होते आणि त्यांची डोकी पायांच्या मागे पडली. त्याचा हात मोटारीच्या बरोबरीने वळला असता, तर चाक गोल राहिले असते आणि प्रेक्षक आणखी कलले असते. ज्या अर्थी दोन्ही गोष्टी विरुद्ध दिशांना झुकल्या आहेत, त्या अर्थी हात वळत होता, पण मोटारीपेक्षा हळू. एका काचेवर मोटारीची, हाताची आणि फटीची अशा तीन गती एकदम नोंदल्या गेल्या आहेत.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडदा नसला तरी सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, ओळी बहुधा एकामागून एक वाचल्या जातात, म्हणूनच धावत्या लोकलच्या खिडकीतून काढलेल्या छायाचित्रात जवळचे खांब तिरके येतात. हे वाचन पुरेसे जलद झाल्यामुळे निकॉनने २०२१ च्या झेड ९ या कॅमेऱ्यातून यांत्रिक पडदा काढूनच टाकला, आणि २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलेल्या अल्फा ९ च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळे पिक्सेल एकाच क्षणी नोंद घेतात. तिथे चाक झुकण्याचा प्रश्न उरला नाही. शटर उघडे असताना, म्हणजे प्रकाश नोंदला जात असताना, वस्तू किती सरकली हा प्रश्न मात्र तसाच आहे.

ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी फॉर्म्युला वन मोटार सेकंदाला सुमारे ८३ मीटर अंतर कापते. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ती ८ सेंटीमीटरांहून अधिक पुढे जाते, त्यामुळे स्थिर धरलेल्या कॅमेऱ्यात तिच्यावरची अक्षरे पुसट होतात. त्याहून जलद शटर वापरले तर मोटार स्वच्छ येते खरी, पण चाकेही थिजतात आणि ती रस्त्यात उभी असल्यासारखी दिसते. यावरचा जुना आणि आजही सर्वोत्तम उपाय म्हणजे मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत तुलनेने संथ शटरने छायाचित्र घेणे, ज्याला पॅनिंग म्हणतात. मोटार कॅमेऱ्याच्या तुलनेत स्थिर राहते, मागचे सगळे जग आडव्या रेघांत वाहून जाते आणि डोळ्यांना वेग दिसतो.

हात किती वेगाने फिरवायचा हे मोटारीच्या वेगाबरोबरच अंतरावरही अवलंबून असते. सरळ ट्रॅकपासून ५० मीटरांवर उभे राहिले, तर ३०० किलोमीटर वेगाची मोटार अगदी समोरून जाताना नजर सेकंदाला सुमारे ९५ अंश इतक्या वेगाने वळवावी लागते. २० मीटरांवर हाच आकडा २४० अंशांच्या जवळ जातो. मोटारीचा वेग कायम असला तरी हा कोनीय वेग कायम नसतो. मोटार समोरच्या बिंदूपासून ४५ अंशांवर असताना तो निम्मा असतो, समोर आल्यावर कमाल होतो आणि पुन्हा घटतो. त्यातला बदल सर्वांत तीव्र असतो ३० अंशांच्या सुमारास, म्हणजे हाताला सर्वाधिक घाईने वेग वाढवावा लागतो तो तिथे. समोरच्या बिंदूवर वेग कमाल असला तरी क्षणभर त्यात चढउतार नसतो. पावले त्या बिंदूकडे रोखून उभे राहावे, मोटार दुरून येताना कमरेतून वळायला लागावे आणि कळ समोर दाबून वळणे पुढेही चालू ठेवावे, हा अनुभवी छायाचित्रकारांचा सल्ला या भूमितीशी नेमका जुळतो.

तरीही मोटारीचा मधला भाग स्वच्छ आणि नाक व शेपूट पुसट, असे वारंवार घडते आणि नवखा माणूस हाताला दोष देतो. दोष हाताचा नसतो. साडेपाच मीटर लांबीच्या मोटारीचा मध्य अगदी समोर असताना तिची दोन्ही टोके कॅमेऱ्याच्या दृष्टीने किंचित कमी कोनीय वेगाने सरकत असतात. हात एका वेळी एकाच वेगाने वळू शकतो. २० मीटरांवरून, १०० मिलिमीटरच्या लेन्सने आणि १/६० सेकंदाच्या शटरने घेतलेल्या चित्रात टोकांची ही फरपट सेन्सरवर सुमारे ०.१३ मिलिमीटर भरते, म्हणजे नेहमीच्या सेन्सरवर वीसएक पिक्सेल. मोटार तेवढीच मोठी दिसेल अशा बेताने ५० मीटरांवर जाऊन २५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर फरपट सहापटीने घटते. मात्र फार दूर गेल्यास उन्हाने तापलेल्या डांबरावरची थरथरती हवा चित्र खराब करते, आणि त्यावर कोणतीही लेन्स उपाय करू शकत नाही.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे ही अडचण जवळपास नाहीशी होते. वळण वर्तुळाकार असेल आणि छायाचित्रकार त्या वर्तुळाच्या केंद्राशी उभा असेल, तर नाक, चालक आणि शेपूट हे सगळे त्याच्याभोवती एकाच कोनीय वेगाने फिरतात, आणि मोटार टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ येऊ शकते. वळणाच्या आतल्या बाजूची जागा मला म्हणूनच सरळ पट्ट्यापेक्षा मोलाची वाटते. अर्थात तिथे वाहन हळू जाते. मोनाकोच्या प्रसिद्ध तीव्र वळणावर फॉर्म्युला वन मोटारींचा वेग ताशी ५० किलोमीटरांच्या आसपास उतरतो आणि शटरही त्या प्रमाणात संथ ठेवावे लागते.

शटर किती संथ ठेवावे याचे उत्तर चाकाकडे पाहून मिळते. फॉर्म्युला वनच्या टायरचा व्यास सुमारे ७२ सेंटीमीटर असतो, म्हणजे ३०० च्या वेगाने चाक सेकंदाला जवळजवळ ३७ फेरे घेते. १/१००० सेकंदात ते १३ अंश फिरते आणि थांबल्यासारखे भासते, १/२५० मध्ये ५३ अंश, तर १/६० मध्ये अर्ध्याहून अधिक फेरा होऊन त्याची चकती होते. ५० मीटरांवरून २५० मिलिमीटरच्या लेन्सने १/१२५ सेकंद ठेवल्यास पार्श्वभूमी चौकटीच्या रुंदीच्या सुमारे अकराव्या भागाइतकी फराटते. सुरुवात इथून करावी आणि हात बसला की १/६० कडे उतरावे.

सरावासाठी शर्यतीच्या ट्रॅकची गरज नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने १० मीटरांवरून जाणाऱ्या स्कूटरचा कोनीय वेग ६० मीटरांवरून ३०० च्या वेगाने जाणाऱ्या फॉर्म्युला वन मोटारीइतकाच असतो, त्यामुळे पुण्यातल्या कोणत्याही रुंद रस्त्याच्या पदपथावर सुरक्षित उभे राहून हाताला तोच धडा देता येतो. घरी आल्यावर ती छायाचित्रे मोठी करून स्कूटरच्या आरशावर किंवा दिव्यावर चमकलेला उन्हाचा ठिपका शोधावा. ठिपका ठिपकाच राहिला असेल, तर हात वाहनाबरोबर वळला. त्याची आडवी रेघ झाली असेल, तर हात मागे राहिला किंवा पुढे गेला, आणि रेघेत वरखाली लाट असेल, तर तेवढ्या वेळात हात नेमका कसा हलला याचा आलेखच तिथे उमटलेला असतो.