थरारपटातील उत्कंठा : दृश्याची बांधणी

काहीतरी वाईट घडणार आहे याची चाहूल प्रेक्षकाला द्यायची आणि ते प्रत्यक्ष घडेपर्यंत त्याला ताटकळत ठेवायचे, या क्रियेतून चित्रपटात जो ताण निर्माण होतो त्याला उत्कंठा म्हणतात. चित्रपटव्यवसायात यासाठी ‘सस्पेन्स’ हाच शब्द रुळला आहे. अंधार, वादळ, करकरणारी दारे ही तिची नेहमीची सजावट. पण सजावट काढून टाकली तरी उत्कंठा टिकू शकते. तिचा खरा पाया म्हणजे माहितीची वाटणी. एखादी गोष्ट कोणत्या पात्राला ठाऊक आहे, प्रेक्षकाला ती कधी कळते आणि कोण अजून अंधारात आहे, यावर दृश्याचा ताण ठरतो. कॅमेरा, संकलन, ध्वनी आणि अभिनय ही सगळी त्या वाटणीची साधने आहेत.

माहितीची वाटणी

या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी 1962 मध्ये त्यांची दीर्घ मुलाखत घेतली आणि ती 1966 मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत हिचकॉक एक साधे उदाहरण देतात. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालच्या बॉम्बचा स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण त्याआधीचा प्रसंग अगदी सामान्य असतो. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तो एक वाजता फुटणार हे सांगितले आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दिसला, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात. पहिल्या प्रकारात प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, दुसऱ्यात पंधरा मिनिटांची उत्कंठा.

रहस्यकथा याच्या उलट वाटेने जाते. खून कोणी केला, हे तिथे शेवटपर्यंत झाकून ठेवलेले असते आणि प्रेक्षक तर्क लढवत बसतो. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (1964) हे त्याचे ठळक मराठी उदाहरण आहे. न्यायालयात उभी असलेली स्त्री वकिलाची मृत पत्नीच आहे की हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणी, हे त्या वकिलाइतकेच प्रेक्षकालाही माहीत नसते. याच चित्रपटावरून राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (1966) केला. चांगला थरारपट अनेकदा दोन्ही रीती मिसळतो. मात्र एका दृश्यापुरते दिग्दर्शकाला ठरवावेच लागते, की प्रेक्षकाला पात्राच्या पुढे ठेवायचे, बरोबर ठेवायचे की मागे.

प्रेक्षकाला पुढे ठेवण्याची किंमत काय असते, हे हिचकॉक स्वतः ‘सॅबोटाज’ (1936) मध्ये शिकले. लंडनमधला एक चित्रपटगृहाचा मालक घातपाती कटात सामील आहे. तो आपल्या बायकोच्या लहान भावाच्या हाती फिल्मचे डबे आणि एक पुडके देतो. पुडक्यात बॉम्ब आहे आणि तो दुपारी 1.45 ला फुटणार आहे. हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, मुलाला नाही. मुलगा रस्त्याने रमतगमत जातो. एक फेरीवाला त्याला पकडून आपल्या मालाचे प्रात्यक्षिक त्याच्यावरच करून दाखवतो. पुढे मिरवणुकीमुळे रस्ता अडतो. शेवटी तो बसमध्ये चढतो. त्या काळची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असे, त्यामुळे ती बसमधून नेण्यास परवानगी नव्हती. तरी वाहक मनाने चांगला म्हणून त्याला बसू देतो. ज्याने अडवायला हवे होते त्याचा चांगुलपणाच इथे घात करतो, ही पटकथेतली फार विचारपूर्वक केलेली योजना आहे. बसमध्ये मुलगा शेजारच्या बाईच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतो. पुडके, रस्त्यावरची घड्याळे, खोळंबलेली वाहतूक, मुलाचा चेहरा असे तुकडे एकापाठोपाठ येत राहतात.

आणि बॉम्ब फुटतो. मुलगा मरतो. हे करायला नको होते, असे हिचकॉक यांनी पुढे त्रुफोंजवळ मान्य केले. इतका वेळ ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो त्याला असे मारल्याचा प्रेक्षकांना राग आला होता. यावर मतभेद आहेत. त्या मृत्यूमुळेच चित्रपटाच्या उत्तरार्धातील बहिणीचा सूड खरा वाटतो, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही उत्कंठेच्या दृष्टीने हिचकॉक यांचे निरीक्षण मोलाचे आहे : वाट पाहायला लावलेल्या प्रेक्षकाला दिग्दर्शक काहीतरी देणे लागतो.

प्रेक्षकाची काळजी नेहमी सज्जनांच्याच बाजूने धावते असेही नाही. हिचकॉक यांच्याच ‘सायको’ (1960) मध्ये खुनानंतर मोटेलचालक नॉर्मन मृतदेहासह मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी ती बुडावी असे प्रेक्षकालाच वाटू लागते. कॅमेरा नॉर्मनच्या अस्वस्थ चेहऱ्याबरोबर राहिल्याचा हा परिणाम आहे. ज्याच्या नजरेतून आपण पाहतो त्याची भीती आपली होते, मग तो कोणीही असो.

वेळ ताणणे

पडद्यावरचा एक मिनिट घड्याळातल्या एका मिनिटाएवढाच असावा असे बंधन संकलकावर नसते. दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या घटना आलटूनपालटून दाखवण्याची रीत, म्हणजे समांतर संकलन, मूकपटांच्या काळातच पक्की झाली. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द लोनली व्हिला’ (1909) या लघुपटात घरात कोंडलेली आई व मुली, दार फोडणारे चोर आणि घराकडे धावणारा बाप अशा तीन धाग्यांमध्ये चित्र फिरते. प्रत्येक कट, म्हणजे एका दृश्यतुकड्यावरून दुसऱ्यावर मारलेली उडी, एका धाग्याला अर्धवट सोडतो, आणि ते अर्धवटपणच प्रेक्षकाला पुढे ओढते.

घड्याळ दाखवण्याखेरीज वेळ मोजण्याच्या इतर रीती अधिक सुंदर असतात. हिचकॉक यांच्या ‘नटोरियस’ (1946) मध्ये रिओ दि जानेरोमधल्या एका बड्या घरी मेजवानी चालू आहे. नायिकेने नवऱ्याच्या तळघराची किल्ली चोरली आहे. वरच्या मजल्यावरून पाहुण्यांनी भरलेल्या दालनाचे विस्तीर्ण दृश्य दिसते, आणि तिथून कॅमेरा क्रेनवरून सरळ खाली उतरत तिच्या मुठीतल्या किल्लीच्या क्लोज-अपपर्यंत येतो. एवढ्या झगमगाटात महत्त्वाची गोष्ट फक्त ही, हे एकाही शब्दाशिवाय सांगून होते. नंतर ती आणि नायक तळघरात शोध घेत असताना वर शॅम्पेनच्या बाटल्या कमी होत जातात. त्या संपल्या की नवीन आणायला नवरा तळघरात येणार. बर्फात उरलेल्या बाटल्या हेच या प्रसंगाचे घड्याळ आहे.

उलट बाजूने, कट न करताही ताण वाढवता येतो. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (1958) च्या सुरुवातीला एक हात टाइमबॉम्ब लावतो, तो मोटारीच्या डिकीत ठेवला जातो आणि मोटार निघते. पुढे तीन मिनिटांहून अधिक वेळ एकही कट नाही. रसेल मेटी यांचा कॅमेरा छपरांवरून, रस्त्यांवरून, गर्दीतून अमेरिका-मेक्सिको सीमेच्या दिशेने सरकत राहतो. मोटार कधी चौकटीत असते, कधी बाहेर जाते, कधी चालणाऱ्या नायक-नायिकेच्या अगदी जवळ येते. कट आला असता तर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळाली असती. इथे ती नाही.

चौकटीच्या आत आणि बाहेर

चौकट काय दाखवते याइतकेच ती काय वगळते हे महत्त्वाचे. हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्स’ (1963) मध्ये नायिका शाळेबाहेरच्या बाकावर सिगारेट ओढत बसली आहे. तिच्या मागे मुलांच्या खेळाच्या जाळीवर एकेक कावळा येऊन बसतो. शाळेतून मुलांचे एकच चालीचे, पुन्हापुन्हा फिरून येणारे गाणे ऐकू येत आहे. कॅमेरा पाळीपाळीने तिच्याकडे आणि कावळ्यांकडे वळतो. मग तो तिच्यावरच थांबतो आणि बराच वेळ मागची बाजू दाखवतच नाही. अखेर तिला उडता कावळा दिसतो, तिची नजर त्याचा पाठपुरावा करते, आणि सारी जाळी काळी झालेली दिसते. न दाखवलेल्या त्या सेकंदांत प्रेक्षकाने मनातल्या मनात कावळे मोजलेले असतात.

त्यांच्याच ‘रिअर विंडो’ (1954) मध्ये पाय प्लॅस्टरमध्ये असलेला नायक आपल्या खोलीतूनच समोरच्या इमारतीकडे पाहतो आणि कॅमेराही जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर त्या खोलीशी बांधलेला राहतो. प्रेयसी संशयिताच्या घरात शिरलेली असताना तो परत येतो, तेव्हा नायकाला आणि आपल्याला ते दिसते. ओरडून उपयोग नाही, धावता येत नाही. जवळ जाऊ न देण्यामुळे किती ताण तयार होतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

ध्वनी आणि शांतता

नवख्या दिग्दर्शकाची सर्वांत मोठी चूक पार्श्वसंगीतात होते असे दिसते : भीती वाटायच्या आधीच संगीत घाबरलेले असते. ज्युल्स दासँ यांच्या ‘रिफीफी’ (1955) मधला दागिन्यांच्या दुकानातला दरोडा सुमारे अर्धा तास चालतो आणि त्यात संवाद नाहीत, संगीतही नाही. छिन्नीचा घाव, पडणारा गिलावा, दाबलेला खोकला एवढेच ऐकू येते. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी या प्रसंगासाठी संगीत रचले होते. ते घालून आणि काढून अशा दोन्ही प्रती पाहिल्यावर त्यांनीच ते नको असे ठरवले. ‘टच ऑफ इव्हिल’च्या बाबतीत उलटे घडले. स्टुडिओने त्या सलग दृश्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले. 1998 मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी वेल्स यांच्या 58 पानी टिपणानुसार चित्रपट पुन्हा संकलित केला तेव्हा अक्षरे आणि ते संगीत काढून, रस्त्यालगतच्या दुकानांतून आणि मोटारींच्या रेडिओंतून येणारे आवाज घातले. बॉम्ब ठेवलेली मोटार दिसत नसतानाही तिच्या रेडिओवरून ती जवळ आल्याचे कळू लागले.

‘जॉज’ (1975) मध्ये यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे, त्यामुळे स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो फार काळ दाखवता आला नाही. त्याची जागा जॉन विल्यम्स यांच्या दोन स्वरांनी घेतली. दोन मुले शार्कच्या पाठीवरचा खोटा पंख पाण्यावर दाखवून लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगात ते स्वर वाजत नाहीत. संगीत प्रेक्षकाशी खोटे बोलत नाही, आणि म्हणूनच पुढे ते वाजले की विश्वास बसतो.

आवाजाचे अंतर हेही एक साधन आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने निर्मिलेल्या ‘महल’ (1949) मधील ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या वेळी लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. गाणारी कुठे आहे आणि ती माणूस आहे का, हा प्रश्न पडद्यावरच्या नायकाइतकाच ऐकणाऱ्यालाही पडतो.

भारतीय चित्रपटातील रूप

भारतीय थरारपटाला गाणी सांभाळावी लागली. कथेला वेग आलेला असताना येणारे गाणे ताण मोडते, हे ओळखून बी. आर. चोप्रा यांनी ‘कानून’ (1960) आणि यश चोप्रा यांनी ‘इत्तेफाक’ (1969) गाण्यांविना केले. ‘महल’सारख्या चित्रपटांनी गाण्यालाच कथेतला धागा केले, ही वाट अवघड, पण अधिक आपली. मध्यंतराची पद्धतही पटकथेला वळण देते : पूर्वार्ध अशा जागी तोडावा लागतो जिथून प्रेक्षक प्रश्न घेऊनच बाहेर पडेल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ (2018) मधील पियानोचा प्रसंग या सर्व साधनांचा अलीकडचा उत्तम नमुना आहे. पुण्यात घडणाऱ्या या कथेचे बीज ‘लाकोर्दर’ या फ्रेंच लघुपटातून घेतलेले आहे. आंधळा असल्याचे सोंग करणारा वादक एका फ्लॅटमध्ये पियानो वाजवत असताना त्याला जमिनीवर प्रेत दिसते. तो पाहू शकतो हे प्रेक्षकाला माहीत आहे, खुनात गुंतलेल्यांना नाही. आपण आंधळ्यासमोर आहोत या भरवशावर ते त्याच्या डोळ्यांदेखत खाणाखुणांनी बोलत पुरावे आवरत राहतात. त्याला दचकता येत नाही, थांबता येत नाही, कारण बोटे अडखळली तर सोंग उघडे पडेल. इथे पियानोचे सूर पार्श्वसंगीतही आहेत आणि त्याच्या जिवाची ढालही. दिग्दर्शकाने दृश्यात संवाद जवळजवळ ठेवलेच नाहीत, आणि माहिती चेहरा, प्रेत व बोटे यांच्यातल्या कटांवर सोपवली.

रूढ संकेतांची सवय झालेल्या प्रेक्षकाला त्याच संकेतांनी चकवताही येते. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (1991) मध्ये पोलिसांचे पथक घराला वेढा घालते, एक जण बेल वाजवतो, आत खुनी बेल ऐकतो. ग्रिफिथच्या काळापासूनच्या सवयीने प्रेक्षक ही दोन्ही दृश्ये एकाच घरातली मानतो. खुनी दार उघडतो तेव्हा बाहेर एकटी नायिका उभी असते. पथक भलत्याच घरी गेलेले असते.