दोन तोळ्यांचा बाण

फोंड्याच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक सोनार शेट आहेत. परवा भाच्याने त्यांच्या काट्यावर बाण ठेवला. खरा बाण, कार्बनचा, अठ्ठावीस इंची. शेटनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "हें कितें हाडलां?" काचेची पेटी बाणाला पुरेना, म्हणून झाकण उघडे ठेवून, पंखा बंद करून वजन केले. आकडा आला 18.8 ग्रॅम. भाच्याने फोनवर गुणाकार केला आणि खूश होऊन म्हणाला, "मामा, 290 ग्रेन!"

बाणाचे वजन जगभर ग्रेनमध्येच मोजतात. एक ग्रेन म्हणजे जवळजवळ 65 मिलिग्रॅम. नावाप्रमाणेच मूळ माप धान्याच्या दाण्याचे. आपल्याला ते परके वाटते, पण तसे ते नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात 1833 साली तोळा ठरवला गेला तो बरोबर 180 ग्रेनचा. आज दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण शेटच्या वडिलांचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता आणि बाणाचा हिशेब त्या जुन्या तोळ्यात फार सुटसुटीत बसतो. अमेरिकेत धनुष्याचा वेग मोजण्याची जी जुनी प्रमाण चाचणी होती, तिच्यातला बाण 540 ग्रेनचा. म्हणजे चोख तीन तोळे. आज धनुष्याच्या खोक्यावर जो वेग छापतात, तो 350 ग्रेनच्या बाणाचा असतो. दोन तोळ्यांना दहा ग्रेन कमी.

मधल्या एका तोळ्याचे काय झाले, ते सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी लिहितो आहे. भाच्याला तोंडी सांगून पाहिले. त्याला घाई होती.

त्याचे धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेले, आहे; साठ पाउंडांचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारे. शिकारीसाठी बनवलेले, अमेरिकेतल्या चुलतभावाने वापरून झाल्यावर त्याला दिलेले. आपल्याकडे त्याने शिकार करायची नाही, हे वेगळे सांगायला नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न मिटवला आहे. सावईवेऱ्याच्या कुळागरात, पोफळींच्या दोन ओळींमधल्या वाटेवर, किंतानाच्या दाबून भरलेल्या पोत्यावर तो नेम धरतो. पोत्यामागे चिऱ्यांचा गडगा. 2023 साली 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, त्याच वर्षी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले, आणि हे वेड आमच्या घरात शिरले ते तेव्हापासून.

हलक्या बाणाची हौस मात्र कंपाउंडपेक्षा पुष्कळ जुनी. इस्तंबूलमध्ये ओकमेदान नावाचे मैदान आहे. तिथे उस्मानी तिरंदाज केवळ लांब मारण्याच्या स्पर्धा खेळत आणि विक्रमी बाण पडेल तिथे दगड उभारत. सुलतान तिसरा सलीम याने 1798 मध्ये सुमारे 889 मीटरवर बाण टाकल्याची नोंद आहे. या बाणांचे वजन तोळाभराच्या आसपास. लांबीलाही ते आखूड, इतके की धनुष्य पूर्ण ओढले की टोक मुठीच्या आत यायचे. मग डाव्या हाताच्या मनगटावर खोबणीची एक पट्टी बांधत, तिला 'सिपर' म्हणत, आणि बाण तिच्यावरून सरकत जाई. हे सिपर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्याकडेही एकच बाण सगळ्या कामांना चालतो असे कोणी मानले नव्हते. धनुर्वेदाच्या परंपरेत बाणांचे तीन प्रकार सांगतात: पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सगळीकडे सारखा तो नपुंसक. पहिला लांब जाणारा, दुसरा घट्ट वस्तू भेदणारा, तिसरा लक्ष्यावर सराव करण्यासाठी. शिवाय सबंध लोखंडाचा नाराच होताच. परशुरामाने सह्याद्रीवरून सोडलेला बाण बाणावलीला पडला, तो यांपैकी कुठला, हे कथेत सांगितलेले नाही. अंतर पाहता नाराच नसावा.

युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकापर्यंत बाण लाकडाचे. अमेरिकेत पोर्ट ऑर्फर्ड सीडर या लाकडाला मान. 1922 मध्ये डग ईस्टन याने बाण बनवायला सुरुवात केली, तीही सीडरपासून. लाकडाचे दुखणे असे की एकाच फळीतून काढलेल्या बारा दांड्यांचे वजन आणि लवचीकपणा बारा तऱ्हांचा. म्हणून 1939 च्या सुमारास तो ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळला. हलकेपणा हा तेव्हा मुद्दा नव्हता, मुद्दा होता सारखेपणाचा. त्या नळ्यांवर 2117 असा आकडा असतो, तो वाचायला सोपा आहे: व्यास इंचाचे 21 चौसष्टांश, भिंतीची जाडी इंचाचे 17 हजारांश. अशी नळी इंचाला बारा ग्रेन भरते. अठ्ठावीस इंचांचे 336, वर टोक, पिसे, नॉक (दोरीत बसणारी मागची खाच) धरून पाचशेच्या पुढे. पुन्हा तीन तोळ्यांच्या जवळ.

त्याच काळात क्लॅरन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग हे भौतिकशास्त्रज्ञ धनुष्याचा हिशेब मांडत होते. क्लॉपस्टेगची एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. धनुष्य सुटते तेव्हा एकटा बाण पळत नाही. दोरी आणि धनुष्याच्या फाका, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, याही पळतात. त्यांना पळवायला जी ताकद जाते, ती जणू बाणाला चिकटलेल्या एका अदृश्य वजनावर खर्च होते. हे वजन प्रत्येक धनुष्याचे ठरलेले असते, बाण कोणताही लावा. म्हणून बाण निम्म्या वजनाचा केला तरी वेग त्या मानाने वाढत नाही. अदृश्य वजन तेवढेच राहते आणि ताकदीतला त्याचा वाटा वाढतो. जुन्या लांब, जड फाकांच्या धनुष्याला हलका बाण लावणे म्हणजे बैलगाडीतून गवताची एक पेंढी नेणे. गाडी ओढायचे कष्ट तेच.

हे चित्र बदलले मिसूरीतल्या एका माणसामुळे. हॉलेस विल्बर ॲलन याने धनुष्याच्या फाकांची टोके कापून तिथे कप्प्या बसवल्या, त्यांचा आस मुद्दाम मध्यापासून बाजूला ठेवला. 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज, डिसेंबर 1969 मध्ये पेटंट. आस बाजूला असल्यामुळे ओढताना मध्यावर जोर सर्वांत जास्त लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम सैल पडतो. सुरुवातीच्या धनुष्यांत हा दिलासा निम्म्याच्या आसपास होता, आज ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत पोचला आहे. साठ पाउंडांचे धनुष्य ओढून भाचा पोत्याकडे निवांत बघत उभा राहतो, ते या कप्प्यांच्या जिवावर.

पण बाणाच्या दृष्टीने मोठा फरक दुसराच. कंपाउंडच्या फाका आखूड, आणि त्या हलतातही थोड्याच. म्हणजे अदृश्य वजन घटले. इतकी वर्षे न परवडणारा हलका बाण आता परवडू लागला.

परवडते म्हणून कोणी घेत नाही, गरज लागते. ती गरज होती अंतराची. रानात उभे हरीण 35 मीटरवर आहे की 40 वर, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. बाण खाली पडत पडत जातो, आणि साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची पिन, लावलेली असते ठरावीक अंतराला. समजा 35 धरून सोडला आणि होते 40. सेकंदाला 55 मीटर जाणारा, साध्या धनुष्याचा बाण सुमारे 32 सेंटिमीटर खाली लागेल. 79 मीटर वेगाचा सोळा, 91 मीटर वेगाचा बारा. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे मध्यावर नेम धरला तर साध्या धनुष्याचा बाण साफ चुकला, सर्वांत जलद बाण निदान कडेपाशी तरी पोचला. हलका बाण हा मुळात अंतर चुकण्यावरचा उतारा होता.

1980 च्या दशकात अमेरिकेत फोमची जनावरे रानात उभी करून, अंतर न सांगता नेम धरायच्या स्पर्धा लोकप्रिय झाल्या. 1984 मध्ये इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन स्थापन झाली. तिच्या नावाने जो वेगाचा मापदंड रुळला तो असा: सत्तर पाउंडांचे धनुष्य, तीस इंचांची ओढ, 350 ग्रेनचा बाण. पाउंडाला पाच ग्रेन. जुन्या मापदंडात साठ पाउंडांना 540, म्हणजे पाउंडाला नऊ होते. कागदावर एवढा बदल झाला की तेच धनुष्य सेकंदाला कितीतरी फूट जलद दिसते, आणि कारखानदारांना नेमके हेच हवे होते.

मग शर्यत लागली. बाण आखूड करून वजन घटवायचे, तर टोक मुठीच्या आत येते; त्यासाठी धनुष्याला मागे सरकवलेली एक फळी बसवू लागले, 'ओव्हरड्रॉ' नावाने. म्हणजे ओकमेदानातले सिपरच, फक्त ॲल्युमिनियमचे. पाठोपाठ कार्बनच्या दांड्या आल्या. इंचाला सात-आठ ग्रेन भरणाऱ्या आणि तरीही ताठ. अठ्ठावीस इंचांचे 210, शंभर ग्रेनचे टोक, बाकीचे चाळीस. झाले 350. वेग इतका वाढला की एका संघटनेला आपल्या स्पर्धांत सेकंदाला 280 फुटांची मर्यादा घालावी लागली.

1990 च्या दशकाच्या मध्यात खिशात मावणारे लेसर अंतरमापक बाजारात आले. बटण दाबा, 38 मीटर. ज्या अडचणीसाठी हलका बाण आला ती अडचणच बरीचशी गेली. पण खोक्यावरचा आकडा राहिला, आणि दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न आजही "किती फूट?" हाच आहे.

शिकाऱ्यांत मात्र उलटा वारा सुटला. तेच धनुष्य 22.7 ग्रॅमचा बाण 91 मीटर वेगाने फेकते असे धरा, 32.4 ग्रॅमचा, म्हणजे 500 ग्रेनचा, साधारण 79 ने फेकेल. ऊर्जा 94 ज्यूलची 101 होते, कारण जड बाण धनुष्यातून जास्त ताकद उचलतो. संवेग तर चोवीस टक्क्यांनी वाढतो, आणि हाडामांसात शिरताना तोच कामी येतो. एड ॲशबी यांनी आफ्रिकेत नाताळ भागात मेलेल्या जनावरांवर बाण मारून वर्षानुवर्षे नोंदी केल्या. मोठ्या हाडातून पार जायचे तर बाण 650 ग्रेनच्या वर हवा, असा त्यांचा निष्कर्ष. साडेतीन तोळ्यांहून जास्त! आपल्या राष्ट्रीय स्पर्धेचा शुभंकर 'मोगा' हा गवा होता. त्या अंगाच्या जनावरासमोर दोन तोळ्यांचा बाण म्हणजे काडी. जनावर आवाजाने दचकून खाली बसते, त्यावर जलद बाण हा उपाय, असेही सांगतात. तीस मीटरवर दोरीचा आवाज सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यात पोचतो, बाणाला तिसरा हिस्सा लागतो. कुठलाच बाण ती शर्यत जिंकत नाही. उलट हलका बाण लावला की उरलेली ताकद धनुष्यातच घुमते आणि आवाज वाढतो.

ते आम्ही कुळागरात ऐकले. 290 ग्रेनचा पहिला बाण सुटला तेव्हा पोफळींवरचे कावळे एकदम उडाले. साठ पाउंडांना पाच ग्रेनप्रमाणे किमान 300 हवेत. भाचा दहाने खाली गेला होता. दोरी बाणाशिवाय सोडली तर धनुष्य फुटू शकते हे त्याला पाठ होते, पण फार हलका बाण म्हणजे निम्मी रिकामी दोरीच, हे नव्हते. दुसऱ्या दिवशी साइटचे दोन स्क्रू ढिले सापडले. तिसऱ्या दिवशी एक बाण पोत्यावरून गेला आणि गडग्यावर आपटला. वरून धड दिसत होता. दोन्ही हातांनी धरून कानाजवळ वाकवला तर बारीक करकर ऐकू आली. नॉकपासून चार बोटांवर केसाएवढी चीर. असा बाण पुन्हा दोरीवर चढला असता तर सुटताना फुटून कार्बनच्या सळ्या थेट डाव्या हातात गेल्या असत्या. आता प्रत्येक बाण आधी वाकवून ऐकायचा, ही मी घातलेली एकमेव अट त्याने न भांडता मान्य केली.

नवे बाण घेताना त्याने वजनाआधी स्पाइन पाहिली. अठ्ठावीस इंचांवर टेकवलेल्या दांडीच्या मध्याला 880 ग्रॅम टांगले की ती इंचाचे किती हजारांश वाकते, तो हा आकडा; 400 म्हणजे सेंटिमीटरभर, आणि आकडा लहान तेवढी दांडी ताठ. टोक शंभराऐवजी 125 ग्रेनचे घेतले.

शेटनी पुन्हा पंखा बंद केला. 26.2 ग्रॅम.

"सव्वादोन तोळे," शेट म्हणाले. फोन काढायच्या आतच.

संध्याकाळी वीस मीटरवर तीन बाण सोडले. साइटची पिन थोडी खाली आणावी लागली. कावळे बसून होते.