काळ्या दगडाचं स्टेशन, १:८७ : पार्श्वभूमी

नाशिक रोडहून घाटाकडे निघालं की देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी आणि मग इगतपुरी. इथल्या लेआउटवाल्यांत, म्हणजे घरी छोटी रेल्वे मांडणाऱ्यांत, सध्या जे सुट्या भागांचं रेझिन-छपाईचं किट हातोहात फिरतंय, ते यातल्या कुठल्याच एका स्टेशनाची नक्कल नाही. चार ठिकाणचे काळ्या दगडाचे कोपरे, कौलारू उतार आणि गजांच्या खिडक्या उचलून जुळवलेली ती एक मनची इमारत आहे. सोबत गँगमनची खोली, केबिन आणि पाण्याची टाकी. दगड कुठला यावरून कुणी हुज्जत घालत नाही. भांडण आहे ते स्केलवरून, म्हणजे खऱ्यापेक्षा मॉडेल किती पट लहान यावरून, आणि ते या किटाहून बरंच जुनं आहे.

आधीचा काळ थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात इमारतींची किटं बनू लागली आणि पुढे ती प्लास्टिकची झाली. ब्रिटनमध्ये छापील पुठ्ठा कापून चिकटवण्याची रीत आजही टिकून आहे. पण त्यात आपल्या ओळखीचं काही नव्हतं: ना पाणपोई, ना फलाटावरच्या पिंपळाचा पार. आपला हात बसला तो गणपतीच्या देखाव्यावर आणि दिवाळीच्या किल्ल्यावर. किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो, वाघ तोफेपेक्षा मोठा असतो आणि त्यावर कुणाची तक्रार नसते. सुरुवातीचे लेआउटही त्याच हातांनी झाले. थर्मोकोलचा डोंगर, आइस्क्रीमच्या काड्यांचा फलाट, काड्यापेटीची केबिन. मार्च २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली आणि त्याच सुमाराला खिशाला परवडणारे रेझिन प्रिंटर बाजारात आले. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आमच्यात हा इतिहास सांगताना दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात.

प्रकाशाने द्रव घट्ट करत थरावर थर रचायची कल्पना नागोयातल्या एका संशोधकाने १९८१ मध्येच मांडली होती. अमेरिकेत १९८६ मध्ये त्याच धर्तीच्या यंत्राला पेटंट मिळालं. ती यंत्रं कारखान्यांची होती. घरच्या टेबलावर हे आलं ते एलसीडी स्क्रीनमुळे. खाली ४०५ नॅनोमीटरचा दिवा, त्यावर स्क्रीन, त्यावर रेझिनचं, म्हणजे त्या द्रवाचं, तबक. स्क्रीन जिथून उजेड सोडेल तिथला थर धरतो.

त्या पहिल्या पिढीच्या प्रिंटरची प्लेट, म्हणजे जिच्यावर माल छापला जातो ती, साधारण १२० बाय ६८ मिमी होती. एचओमध्ये, म्हणजे १:८७ च्या स्केलमध्ये, १२० मिमी म्हणजे खरे साडेदहा मीटर. गँगमनची खोली आरामात बसते. तीस मीटर लांबीचं स्टेशन मात्र ३४५ मिमी होतं, म्हणजे भिंतीचे तुकडे करणं आलंच. किटाचं किटपण इथून आलं. तुकड्यांचा जोड दिसू नये म्हणून तिथे पागोळ्यांचा पाइप उभा केला, आणि आज लोक कौतुकाने म्हणतात, ‘पाइपसुद्धा दाखवलाय बघा!’

स्क्रीनच्या एका ठिपक्याचा आकार ४७ मायक्रॉन, म्हणजे एचओमध्ये खरे चार मिलिमीटर. त्यामुळे दगडावरचे छिन्नीचे बारीक घाव गळून पडतात, पण दोन दगडांमधले सांधे स्पष्ट येतात. मंगलोरी कौल खऱ्यात ४१० बाय २३५ मिमीचं. किटात ते ४.७ बाय २.७ मिमी होतं आणि त्याची पन्हळ नखाला जाणवते. मोजमापासाठी टेप लावायची सोय नव्हती, म्हणून फोटोवरून थर मोजले. दाराच्या उंचीत दगडाचे नऊ थर येत होते. तशाच घडाईच्या एका पडक्या भिंतीपाशी जाऊन एक थर मोजला, तो सव्वानऊ इंचांच्या आसपास भरला. म्हणजे दार सात फुटांचं. अख्खं स्टेशन या एका दारावरून वर चढलंय.

पन्नास मिमी उंचीची भिंत उभी छापायची तर हजार थर. सुरुवातीच्या स्क्रीनवर थराला आठेक सेकंद उजेड, शिवाय प्लेटची वरखाली. चार तास कुठेच जात नव्हते. २०२० मध्ये मोनो (एकरंगी) स्क्रीन आल्या आणि उजेडाची वेळ दोन-तीन सेकंदांवर उतरली. त्याच वर्षी छापलेला माल धुवायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मात्र सगळं सॅनिटायझरकडे वळलं. छपाई वेगात आणि धुणं ठप्प, असे काही महिने गेले.

‘रेझिन’ या शब्दानेही घोळ घातला. परदेशातून येणाऱ्या तयार ‘रेझिन’ इमारती म्हणजे सिलिकॉनच्या साच्यात ओतलेला दोन द्रावणांचा माल. आपल्या छपाईचं रेझिन वेगळं, ते उजेडाने धरतं आणि उजेड जास्त झाला की ठिसूळ होतं. हे कळायला मला एक भिंत घालवावी लागली. मे महिन्यात ती गच्चीवरच्या पत्र्यावर उन्हात ठेवली आणि जेवायला खाली गेलो. परत आलो तेव्हा ती खापराच्या तुकड्यासारखी वाकली होती. सरळ करायला गेलो, तर खिडकीपाशी तडकली.

आता स्केल. बोलताना आपण ‘एचओचे रूळ’ म्हणतो, तिथेच पाय अडकतो. रूळ गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सांगतात, स्केल सांगत नाहीत. १६.५ मिमीच्या त्याच रुळांवर १:८७ ची एचओ गाडी धावते आणि १:७६.२ ची ओओही. ही देणगी ब्रिटनची. तिथल्या गाड्या मुळात अंगाने लहान, आणि त्या काळी मिळणारी मोटर फुटाला साडेतीन मिमी या हिशेबाच्या इंजिनात मावेना. मग रूळ तसेच ठेवून इंजिनाचं अंग फुटाला चार मिमी केलं. पुढे मोटर नखाएवढी झाली, पण तोडगा काही हलला नाही.

आपल्याकडे या रुळांची वेगळीच पंचाईत. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोपातलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. एचओमध्ये त्याला १९.३ मिमी हवेत, म्हणजे पावणेतीन मिमीची तूट. भारतीय इंजिनांची तयार मॉडेलं १:८७ च्या अंगाची, पण चाकं १६.५ वर. समोरून पाहिलं की पैलवानाला पोराच्या चपला घातल्यासारखं दिसतं. ओओमध्ये ब्रॉडगेजला चक्क २२ मिमी लागतात, तूट साडेपाचवर जाते. बरं, मिळणाऱ्या रुळांना ब्रॉडगेज मानून उलटा हिशेब करावा तर स्केल १:१०१.६ येतं. त्या मापाची माणसं, सायकली, हातगाड्या कोण बनवणार?

गंमत म्हणजे शहरातली एकच वाट तयार रुळांवर जवळजवळ चपखल बसते, आणि ती आता नाही. नाशिक रोड ते गावातली घोड्यांची ट्राम अडीच फुटी गेजची. एचओमध्ये ते पावणेनऊ मिमी होतं, आणि एन या आणखी लहान स्केलचे ९ मिमीचे रूळ कुठेही मिळतात. ट्राम बंद पडून नव्वदएक वर्षं झाली.

इमारत रुळांवर धावत नाही, तेव्हा ती कुठल्याही स्केलची चालेल, असं ओओवाले म्हणत. त्यांच्या घरात ब्रिटिश पुठ्ठ्याच्या इमारती आधीपासून होत्या, आणि फुटाला चार मिमी हा हिशेब तोंडी करता येतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरी मला एचओवाले बरोबर वाटतात. सात फुटी दार एचओमध्ये साडेचोवीस मिमी, ओओमध्ये अठ्ठावीस. एचओचा साडेपाच फुटी हमाल १९.३ मिमीचा असतो. तो ओओच्या दारात उभा केला की शाळकरी पोरगा वाटतो. फलाटाचंही तेच. हाय-लेव्हल फलाट रुळांच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी, म्हणजे एचओमध्ये जास्तीत जास्त ९.७ मिमी. ओओचा ११ मिमी फलाट एचओच्या डब्याला लावला तर दार नको तितकं खाली दिसतं. निकाल शेवटी लावला तो प्लेटने. त्याच १२० मिमीत एचओची साडेदहा मीटर भिंत बसते आणि ओओची फक्त नऊ.

किट १:८७ चं ठरलं, तरी भांडण मिटलं नाही, ते स्लायसरमध्ये, म्हणजे छपाईसाठी फाइलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेलं. ज्याला ओओ हवं तो फाइल ११४ टक्के करतो. मग भिंतीची जाडीही वाढते आणि खाचेतली ढिलाईही, त्यामुळे कोपरे हलतात. एनसाठी कुणी ५४ टक्क्यांवर नेली, तर खिडकीचे ०.४ मिमीचे गज ०.२२ वर येतात, आणि सपोर्ट, म्हणजे छपाईपुरते लावलेले टेकू, तोडताना गजही त्यांच्याबरोबर निघून येतात.