बेडकाची पाठ कुठे होणार, हे कोण ठरवतं?

‘गर्भ धरला की आई-बापाची जनुकं त्याच क्षणी निम्मी-निम्मी कामाला लागतात,’ हा फॉरवर्ड बेळगाव, निपाणीच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, कारण वारसा दोघांकडूनही येतोच. फरक आहे तो वेळेचा.

आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकात पहिली १२ विभाजनं, म्हणजे साधारण ४,००० पेशी होईपर्यंत, गर्भाची स्वतःची जनुकं जवळपास गप्प असतात. कारभार चालतो तो आईनं अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या आरएनए (जनुकांतल्या सूचनांच्या प्रती) आणि प्रथिनांवर. शुक्राणू दिशा तेवढी दाखवतो. तो शिरला की अंड्याचा बाहेरचा थर आतल्या गरावरून सुमारे ३० अंश सरकतो, त्याबरोबर आईचे काही घटक शुक्राणू शिरला त्याच्या विरुद्ध बाजूला जातात. तिथं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठतं आणि तिकडेच पाठ होते.

हे पडताळलं कसं? अंड्यातला आईचा बीटा-कॅटेनिनचा आरएनए आधीच नष्ट केला. बापाचं जनुक शाबूत होतं, तरी पाठ नाही, डोकं नाही. नुसता पोटाकडचा भाग!

एवढं घरी जमायचं नाही. पण खानापूरकडे पाऊस लागला की डबक्यातली ताजी अंडी निरखा. बऱ्याच जातींत काळी बाजू वर, फिकी खाली दिसते. ही विभागणीसुद्धा आईचीच, शुक्राणू येण्याआधीची. अंडी उचलू मात्र नका.