तीन किलोचं बाळ आणि रिफिलएवढी नळी

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. चहाचे दोन कप भरतील, एवढंच. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या जन्मतःच एकमेकींच्या जागी आलेल्या असतात. मग पहिल्या काही आठवड्यांतच त्या कापून, अदलाबदल करून पुन्हा शिवाव्या लागतात. १९७५ साली साओ पाउलोत अदिब जातेने यांनी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली. ती चालू असताना बाळाचं हृदय थांबवलेलं असतं आणि त्याचं काम हार्ट-लंग मशीन करतं. या मशीनचं कौतुक खूप होतं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्याच्या अगदी टोकाच्या दोन-तीन सेंटिमीटरबद्दल सांगायचं आहे, कारण बाळाच्या मेंदूला किती रक्त मिळणार हे बरंचसं तिथे ठरतं.

मशीनमधून शुद्ध होऊन आलेलं रक्त ज्या नळीतून बाळाच्या महाधमनीत शिरतं, ती कॅन्युला. एवढ्या लहान बाळाला साधारण ८ फ्रेंच मापाची लागते. ‘फ्रेंच’ हे माप पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या शार्रिएर यांचं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे ८ फ्रेंचची नळी झाली सुमारे २.७ मिलिमीटरची, साध्या बॉलपेनच्या रिफिलएवढी. पण हे माप बाहेरून घेतलेलं असतं आणि रक्त वाहतं आतून. भिंतीची जाडी वजा केली की आत समजा २ मिलिमीटर उरतात. या वयात किलोमागे मिनिटाला १५० ते २०० मिलिलिटर रक्त पुरवावं लागतं, म्हणजे आपल्या बाळाला अर्धा लिटर. अंगातलं सगळं रक्त मिनिटाला दोनदा त्या रिफिलमधून जायचं!

हिशेब करून पाहिला तर नळीच्या तोंडाशी वेग येतो सेकंदाला सुमारे अडीच मीटर. निरोगी महाधमनीत ठोक्याच्या ऐन भरातही तो मीटरभरच्या आसपास असतो. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जसं सणसणत सुटतं, तसं हे रक्त आठ-नऊ मिलिमीटर रुंदीच्या कोवळ्या वाहिनीत शिरतं. शिवाय नळीतल्या ओढाताणीत तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि लघवी लालसर दिसू लागते. म्हणून एकट्या कॅन्युलामध्ये होणारी दाबाची घट पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, असा दंडक पाळतात.

मग मोठी नळी का घालत नाहीत? महाधमनीलाच भोक पाडायचं असतं. भोक मोठं, तर जखम मोठी आणि पुढे तिथे आकसण्याचा धोकाही मोठा. म्हणून सगळी लढाई भिंतीच्या जाडीशी. शार्रिएर यांच्याच काळात, पॅरिसमध्येच, प्वाझय या डॉक्टरांनी केसासारख्या काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून एक नियम काढला होता: दाब तोच ठेवला तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. भिंत चहूबाजूंनी फक्त ०.१ मिलिमीटरने पातळ केली, तर आतला व्यास २ चा २.२ होतो आणि प्रवाह जवळजवळ दीडपट! इथे रक्त भोवरे घेत वाहतं, त्यामुळे आकडा तंतोतंत असा येत नाही, पण कल हाच. नळी अंगाने रुंद आणि फक्त टोकाशी निमुळती करतात, तीही याचसाठी: अरुंद भाग जितका आखूड, तितका अडथळा कमी.

आता मेंदूकडे येऊ. महाधमनी वर जाऊन कमानीसारखी वळते आणि त्या कमानीतून डोक्याकडे, हातांकडे फाटे निघतात. वाहिन्या बदलण्याच्या शस्त्रक्रियेत महाधमनी हृदयाजवळच कापायची असते, म्हणून कॅन्युला शक्य तितकी वर, या फाट्यांच्या जवळ घालावी लागते. टोक जरा जास्त आत गेलं, पहिल्या फाट्यात वळलं, की उजव्या बाजूला पूर आणि बाकीच्या शरीरात दुष्काळ. झोत एखाद्या फाट्याच्या तोंडावरून वेगाने सरकत गेला, तर तिथला दाब उतरतो आणि त्या वाटेला रक्त कमी जातं. केरेम पेक्कान, आकिफ उंदार या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली संगणकावर नेमकं हेच तपासलं. टोकाची घडण आणि त्याची दिशा बदलली की मेंदूकडे जाणारा वाटा बदलतो, असं त्यांना दिसलं.

यावर एक सुंदर तोडगा म्हणजे नळीचं आतलं तोंड सनईसारखं हळूहळू रुंदावत नेणं. वाट रुंदावली की झोत मंदावतो, पसरतो. ‘हळूहळू’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. उतार तीव्र झाला तर प्रवाह भिंत सोडून देतो, मधोमध पूर्वीसारखाच धावतो आणि कडेला नुसते भोवरे राहतात. आणि बाहेरचं माप तर भोकापेक्षा मोठं करताच येत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन महाधमनीवर गोल टाके घालतात, मधल्या छेदातून कॅन्युला आत सरकवतात आणि दोरे आवळून ती बांधतात. हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे परफ्युजनिस्ट, हळूहळू पंप वाढवत नेतो, डोळे दाबाच्या आकड्यावर. बाळाच्या कपाळावर डावीकडे-उजवीकडे दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती, ते त्या कातडीवरूनच प्रकाशाने मोजतात. डावा आकडा घसरू लागला की परफ्युजनिस्ट तो मोठ्याने सांगतो. सर्जन दोरा किंचित सैल करून नळी दोन मिलिमीटर मागे घेतात, जराशी फिरवतात आणि पुन्हा आकडा विचारतात.